वाकलेली पाठ, ठिसूळ हाडं: गावात राहणाऱ्या वयस्कर बायकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक पन्नाशी ओलांडलेल्या बायकांनी विचारलेले आहेत, काही त्यांच्या लेकीसुनांनी. दवाखाना लांब, काम रोजचं आणि घरात सगळ्यात शेवटी स्वतःकडे बघण्याची सवय, ही परिस्थिती धरूनच उत्तरं लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. जिथे चुका जास्त होताना पाहिल्या, तिथे जास्त लिहिलं.

वय झालं की पाठ वाकणारच ना? त्यात आजार कसला?

म्हातारपणी पोक येतंच, हे इतक्या वेळा ऐकलेलं असतं की कुणी तपासायलाच जात नाही. पाठ वयाने थोडीफार झुकते, हे खरं. पण चांगली ताठ चालणारी बाई दोन-चार वर्षांत पुढे वाकली, उंचीने कमी झाली, तर बऱ्याचदा तिचे मणके दबलेले असतात. मणका दबणं म्हणजे हाड मोडणंच. फक्त ते हातापायासारखं कडकन मोडत नाही. मणक्याची पुढची बाजू खचते आणि मागची तशीच राहते, त्यामुळे चौकोनी ठोकळ्याची पाचर होते. अशा दोन-तीन पाचरी एकावर एक आल्या की पाठीला बाक येतो.

असे दबलेले मणके निम्म्याहून जास्त वेळा कुणाच्या लक्षातच येत नाहीत. माझ्या आईचंही तसंच झालं. पाण्याची भरलेली बादली उचलताना पाठीत कळ आली. उसण भरली म्हणून घरात शेक झाला, तेल लावून झालं, आठ-दहा दिवसांत ती पुन्हा कामाला लागली. तीन वर्षांनी खोकल्यासाठी छातीचा एक्स-रे काढला, तेव्हा डॉक्टरांनी पेनाचं टोक एका मणक्यावर ठेवलं, मग खालच्या दुसऱ्यावर. "हे दोन कधी दबले?" आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.

ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होणं, यात नेमकं काय होतं?

हाड हे जिवंत असतं. शरीर जुनं हाड खरवडून काढतं आणि तिथे नवं भरतं. मोठ्या माणसात दरवर्षी साधारण दहावा हिस्सा असा नव्याने घडतो. तिशीपर्यंत भर जास्त पडते, पुढे दोन्ही बाजू जेमतेम सारख्या राहतात. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि खरवडणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत काही बायकांचं हाड २० टक्क्यांपर्यंत कमी होतं. हाडाचा बाहेरचा आकार तोच राहतो, आतली जाळी मात्र विरते. पाळी जाणं आणि हाडं ठिसूळ होणं यांचा संबंध फुलर अल्ब्राइट या अमेरिकी डॉक्टरांनी १९४१ मध्येच मांडला होता.

जगभरात पन्नाशीपुढच्या दर तीन बायकांमागे एकीचं हाड पुढच्या आयुष्यात या ठिसूळपणामुळे मोडतं. मोडण्याच्या जागा बहुधा तीनच असतात: मनगट, मणका आणि खुबा.

मी जन्मभर शेतात राबले. मग माझी हाडं मजबूत नकोत का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि विचारणारीच्या आवाजात थोडा राग असतो. तो रास्त आहे.

कष्टाने हाडाला फायदा होतोच. चालणं, चढणं, वजन पेलणं यांनी हाड तगतं. पण नुसत्या कष्टाने भागत नाही. वाढीच्या वयात पोटभर आणि चौरस जेवण मिळालं नसेल तर हाडाची मूळ पुंजीच कमी राहते. अंगकाठी बारीक असेल, पाळी ४५ च्या आत गेली असेल किंवा पिशवी काढताना अंडाशयंही काढली असतील, आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडलेला असेल, तंबाखू ओढण्याची किंवा दारूची सवय असेल, संधिवात, थायरॉईड किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड असेल, तर धोका वाढतो. बाळंतपणांमुळे हाडं झिजतात असं सर्रास म्हणतात. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हाडातलं कॅल्शियम कमी होतं खरं, पण पाजणं थांबल्यावर ते बहुतेक भरून निघतं. त्यामुळे सगळं खापर बाळंतपणांवर फोडू नये.

दुसरं असं की शेतातलं बरंचसं काम कमरेतून वाकून होतं. हात-पाय त्याने बळकट होतात, पण ठिसूळ झालेल्या मणक्याच्या नेमक्या पुढच्या कडेवर भार येतो. साठीनंतर कष्ट आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी धराव्यात.

गुडघे फार दुखतात. हाडं ठिसूळ झाली असतील का?

गुडघेदुखी बहुधा सांध्याच्या झिजेची असते. ठिसूळ हाड मोडेपर्यंत दुखत नाही, हीच तर त्याची खोड. दोन्ही दुखणी एकाच बाईला असू शकतात, पण एकावरचं औषध दुसऱ्याला चालत नाही. सगळं अंग ठणकत असेल, उकिडवं बसल्यावर उठता येत नसेल, बदकासारखं डुलत चालावं लागत असेल, तर ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हाडं मऊ झाल्याची शंका घ्यावी. तो तिसराच आजार, आणि औषधाने चांगला बरा होणारा.

हाडांची घनता मोजायचं मशीन आमच्यापासून फार लांब आहे. घरच्या घरी काही कळतं का?

निदान होणार नाही, पण लांबचा प्रवास करायचाच का, हे ठरवण्याइतकं नक्की कळतं.

पहिलं, आकडेमोड. किलोतल्या वजनातून वय वजा करा आणि आलेल्या आकड्याला ०.२ ने गुणा. उदाहरणार्थ वजन ४२ आणि वय ७० असेल तर उणे २८ येतात, गुणल्यावर उणे ५.६. उत्तर उणे १ च्या खाली गेलं तर तपासणी करावी, उणे ४ च्या खाली गेलं तर टाळू नये. ही पद्धत आशियातल्या पाळी गेलेल्या बायकांच्या मोजमापांवरून २००१ मध्ये बसवलेली आहे. वजनकाटा आणि जन्मसाल एवढंच लागतं. जन्मसाल नक्की माहीत नसेल तर थोरल्या मुलाच्या वयावरून अंदाज बांधावा, तेवढ्याने काम भागतं.

दुसरं, भिंत. टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून सरळ समोर बघत उभं राहा. डोक्याची मागची बाजू भिंतीला सहज लागते का? हनुवटी वर न करता डोकं टेकत नसेल तर वरच्या पाठीतला एखादा मणका दबला असण्याची शक्यता आहे.

तिसरं, बोटं. आईला उभं करून आपण मागे उभं राहावं. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्यामध्ये बाजूने बोटं आडवी ठेवून बघावीत. दोन किंवा त्याहून कमी बोटं मावत असतील तर कमरेचे मणके खचलेले असू शकतात. पोट पुढे आलं, थोडं खाल्लं तरी गच्च वाटतं, असं ज्या सांगतात त्यांच्यात हे हमखास बघावं. वरचं धड खाली बसल्यावर पोटाला जागा तरी कुठली उरणार?

चौथं, उंची. तरुणपणच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा जास्त कमी झाली असेल तर पाठीचा एक्स-रे काढून घ्यावा. एक्स-रेची सोय घनता मोजण्याच्या मशीनपेक्षा बहुधा जवळ मिळते.

आणि एक गोष्ट या चारहीपेक्षा मोठी: पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं असेल, मग ते नुसतं मनगट का असेना, तर हाडं ठिसूळ आहेत असं धरूनच डॉक्टरांशी बोलावं. प्लॅस्टर निघालं की विषय संपला असं होतं, आणि तिथेच संधी हातची जाते.

डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायच्या तपासणीच्या कागदावर उणे आकडा आहे. घाबरायचं का?

त्यातला टी-स्कोअर बघायचा. तो तुमच्या हाडाची तुलना तरुण निरोगी बाईच्या हाडाशी करतो. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ यांच्यामध्ये हाड विरळ, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ही रेघ आखली. पण आकडा उणे २ असून मणका दबलेला असेल, तर उपचार लागतातच. पाठीला आणि खुब्याला मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं, किरणोत्सर्ग नगण्य. शिबिरात टाचेवर लावतात ते मशीन मात्र नुसती चाळणी आहे. त्यावरून औषध सुरू करू नये आणि "सगळं छान" म्हणून निश्चिंतही होऊ नये.

कॅल्शियम किती लागतं, आणि ते जेवणातून मिळतं का?

पन्नाशीपुढच्या बाईला दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम. पाव लिटर दुधात साधारण ३०० मिलिग्रॅम असतं, तेवढ्याच दुधाच्या दह्यात जवळपास तितकंच. न सोललेले तीळ, काट्यांसकट खाता येणारे बारीक मासे, हिरव्या पालेभाज्या यांतूनही मिळतं. पालक मात्र फसवा. त्यात कॅल्शियम भरपूर, पण त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे अंगाला फारच थोडं लागतं.

घरात दूध असूनही ते तिच्या वाट्याला येतं का, हे आधी बघा. दुभती जनावरं सांभाळणाऱ्या आणि स्वतः बिनदुधाचा चहा पिणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. प्रथिनांचंही तेच. हाडाचा सांगाडा प्रथिनांचाच असतो, त्यामुळे डाळी, कडधान्यं, अंडी, दूध यांपैकी काहीतरी दोन्ही जेवणांत हवं. वयस्कर माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज एक ग्रॅमभर प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

कॅल्शियमची गोळी कधी घ्यायची? मुतखडा होतो म्हणतात.

कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर, सायट्रेट कधीही. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम आतडी नीट शोषत नाहीत, म्हणून दोन गोळ्या असतील तर दोन वेळा घ्याव्यात. वेष्टनावर १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट लिहिलं असेल तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० असतं. लोहाची किंवा थायरॉईडची गोळी तिच्यासोबत घेऊ नये. थायरॉईडच्या गोळीनंतर चार तासांचं अंतर ठेवावं.

जेवणातल्या कॅल्शियमने मुतखडा होत नाही. गोळ्यांनी धोका किंचित वाढू शकतो, म्हणून जेवणात जेवढं कमी पडतं तेवढंच गोळीतून भरावं. आधी खडा होऊन गेला असेल तर डॉक्टरांना तसं सांगा.

दिवसभर उन्हात असते, तरी ‘ड’ जीवनसत्त्व कमी कसं निघालं?

कारण ऊन कपड्यांवर पडतं. डोकं झाकलेलं, हात झाकलेले, आणि कामाची वेळ सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात. त्वचेला लागणारे किरण मिळतात ते आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हा. शिवाय सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो, आणि सत्तरीतली त्वचा तरुण त्वचेच्या निम्म्यानेही ‘ड’ बनवत नाही. हात आणि पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसता आलं तर उत्तम. नाहीतर रोजचे ८०० युनिट गोळीतून घेणं सोपं.

एकदाच मोठा डोस टोचून वर्षभर मोकळं व्हावं, असं वाटणं साहजिक आहे. पण ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट देऊन पाहिलं, तर त्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. तो निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. थोडं आणि नेमाने, हेच बरं.

आठवड्याला एक गोळी दिली आहे. तिचे एवढे नियम कशाला?

ही बहुधा ७० मिलिग्रॅमची अ‍ॅलेंड्रोनेट असते. खरवडणाऱ्या पेशींना ती आवर घालते. ती रक्तात फार कष्टाने शिरते. पोटात चहाचा घोट किंवा बिस्किटाचा तुकडा असला तरी शोषली जात नाही. आणि अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण पडतो. सगळे नियम या दोन कारणांसाठीच आहेत.

पहाटे उठल्यावर, काहीही खाण्यापिण्याआधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी अख्खी गिळायची. चघळायची नाही. त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि तोंडात काही टाकायचं नाही. बसा, उभ्या राहा, फिरा, पण वाकून करायची कामं तेवढा वेळ बाजूला ठेवा. अर्ध्या तासाने चहा. कॅल्शियमची गोळी त्या दिवशी दुपारी किंवा रात्रीच्या जेवणाबरोबर.

एक दिवस ठरवून टाका. आठवड्याच्या बाजाराचा दिवस, नातवाच्या सुट्टीचा दिवस, काहीही. विसरलं तर आठवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या आणि पुढची ठरलेल्या वारी. एका दिवशी दोन कधीच नाही. गिळताना त्रास होत असेल किंवा अर्धा तास ताठ बसताच येत नसेल, तर ही गोळी तुमच्यासाठी नाही. दुसरं औषध मागा.

दवाखान्यात वारंवार जाणं जमत नाही. इंजेक्शनने भागेल का?

भागू शकतं, आणि लांब राहणाऱ्यांसाठी माझं मत त्याच बाजूने आहे. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम वर्षातून एकदा शिरेतून देतात. आधी मूत्रपिंडाची आणि कॅल्शियमची रक्ततपासणी लागते. पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येते, ते धरूनच चला. त्या दिवशी परतीच्या प्रवासात सोबत कुणीतरी हवं.

डेनोसुमॅब मात्र विचार करून घ्या. कातडीखाली दर सहा महिन्यांनी घ्यायचं हे औषध चांगलं आहे, पण तारीख चुकवली की हाडाची झीज उसळी मारते आणि एकाच वेळी दोन-तीन मणके दबल्याची उदाहरणं आहेत. पावसाळ्यात रस्ता तुटतो, पेरणीत सवड नसते, पैसे आले नाहीत, अशी कारणं ज्या घरात नेहमीची आहेत तिथे हे पहिलं औषध नसावं. सुरू केलंच असेल तर बंद करताना दुसरं औषध जोडूनच बंद करतात. आपल्या मनाने तर कधीच नाही.

या औषधांनी जबडा सडतो, मांडी मोडते, हे खरं का?

दोन्ही होतं, पण क्वचित. औषध सुरू करण्याआधी किडके दात काढून किंवा भरून घ्यावेत आणि नंतर दाताच्या डॉक्टरांना औषधाचं नाव सांगावं. बरीच वर्षं औषध चालू असताना मांडीत किंवा जांघेत नवं, न जाणारं दुखणं सुरू झालं तर दाखवावं. या भीतीपोटी औषधच न घेणाऱ्या बाईचा खुबा मोडण्याची शक्यता त्यापेक्षा कितीतरी जास्त असते. गोळ्या साधारण पाच वर्षांनी, वार्षिक इंजेक्शन तीन वर्षांनी थांबवायचं का, याचा फेरविचार डॉक्टर करतात.

सांधेदुखीच्या पुडीने दोन दिवसांत आराम पडतो. ती चालू ठेवू का?

बिननावाची पुडी, घेतल्याबरोबर दुखणं गायब, भूक वाढली, चेहरा गोल दिसायला लागला, असं असेल तर तिच्यात स्टेरॉइड असण्याचा दाट संशय घ्यावा. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज ५ मिलिग्रॅम असं तीन महिने घेतलं तरी हाडाला धोका मानतात, आणि पुडीत किती आहे ते देणाराही सांगत नाही. पण बरेच दिवस घेतली असेल तर एका दिवसात फेकून देऊ नका. अचानक बंद केल्याने रक्तदाब कोसळू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्या सांगण्याने हळूहळू उतरवा.

काम तर सोडता येणार नाही. मग कसं करू?

सोडूही नका. कामं बंद करून बाजेवर बसवलेल्या बाईचे स्नायू आणि हाडं दोन्ही भराभर उतरतात, आणि मनही. बदलायची ती पद्धत.

अमेरिकेत १९८४ मध्ये मणके ठिसूळ झालेल्या ५९ बायकांचा एक छोटा अभ्यास झाला. पाठ मागे ताठ करण्याचे व्यायाम केलेल्यांपैकी १६ टक्क्यांचे मणके नव्याने दबले, पुढे वाकण्याचे व्यायाम केलेल्यांपैकी ८९ टक्क्यांचे. अभ्यास लहान आहे, पण त्यानंतर पुढे वाकणं ही गोष्ट कुणी हलकी धरली नाही. म्हणून झाडू लांब दांड्याचा घ्या. निवडणं-टिपणं, भांडी, कपडे हे काम कमरेच्या उंचीच्या ओट्यावर किंवा बाकावर आणा. खुरपायला बुटकं स्टूल घेऊन बसा, आणि दर वीस मिनिटांनी उठून दोन्ही हात कमरेवर ठेवून पाठ सरळ करा.

उचलण्याचं तंत्र एकदा शिकलं की अंगवळणी पडतं. आईला शिकवताना आम्ही रिकाम्या बादलीने सुरुवात केली. बादलीच्या अगदी जवळ जायचं, इतकं की ती दोन पावलांच्या मध्ये येईल. पाठ सरळ ठेवून गुडघ्यांत आणि खुब्यांत वाकायचं. बादली पोटाशी आणायची आणि मग पायांच्या जोरावर उठायचं. वळायचं असेल तर पावलं वळवायची, कंबर पिरगाळायची नाही. सगळ्यात वाईट म्हणजे हात लांब करून वाकलेल्या पाठीने उचलणं आणि त्याच झटक्यात बाजूला ओतणं. आई आयुष्यभर नेमकं तेच करत आली होती. आता एका मोठ्या बादलीऐवजी दोन्ही हातांत दोन अर्ध्या बादल्या असतात. फेऱ्या वाढल्या म्हणून ती अजून कुरकुरते.

डोक्यावर ओझं घेणं साठीनंतर बंद करावं असं माझं स्पष्ट मत आहे. सरपण, चारा यांसाठी ढकलगाडी, किंवा लहान लहान मोळ्या.

इतकं काम करून वर व्यायामही?

दहा मिनिटं. हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, दहा वेळा. भिंतीला धरून टाचा उचलणं, दहा वेळा. एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून, धरायला काहीतरी जवळ असताना, अर्धा मिनिट उभं राहणं. भिंतीला पाठ लावून खांदे मागे दाबणं. हे शेवटचं सगळ्यांना आवडतं, कारण उसासा टाकून उभं राहायला निमित्त मिळतं. पायाची बोटं पकडणं, पाठीवर झोपून उठाबशा काढणं, जोराने पिळे देणं हे नको.

पडू नये म्हणून काय काय बघायचं?

रात्रीची शौचालयाची वाट. पडण्याच्या जितक्या हकिकती ऐकल्या त्यांत ही वाट पुन्हा पुन्हा येते. उशाशी बॅटरी ठेवा, दाराशी दिवा लावा, आणि शौचालय अंगणापलीकडे असेल तर वाटेत धरायला दोरी किंवा कठडा असू द्या. उठल्याबरोबर चालू लागू नका. आधी बसा, दहा आकडे मोजा, मग उभ्या राहा. डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोस तपासून घ्या. झोपेच्या गोळ्यांनीही तोल जातो.

सैल चपला, शेवाळलेली फरशी, गोठ्यातलं ओलं, उंबऱ्याची उंची, पायात घोटाळणारं कुत्रं, अचानक ओढ घेणारं वासरू. वासराचं दावं हाताला गुंडाळून धरू नका. मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसू नका. आणि काठी. काठी घेतली की म्हातारी म्हणतील, ही लाज फार जणींना खुब्याच्या ऑपरेशनपर्यंत घेऊन गेली आहे.

पडली, उठता येत नाही. आता?

एक पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेरच्या बाजूला कललंय, टाच उचलता येत नाही, म्हणजे खुबा मोडल्याचं धरा. ओढून बसवू नका, चोळू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका. दोन्ही पायांमध्ये मऊ घडी ठेवून पाय एकमेकांना सैलसर बांधा आणि फळीवर किंवा बाजेवर आडवं ठेवूनच न्या. चालू असलेल्या औषधांची पिशवी सोबत घ्या. ऑपरेशन शक्यतो ४८ तासांच्या आत झालं तर बरं. अंथरुणात पडून राहिल्याने छातीत कफ, पायात रक्ताच्या गुठळ्या, पाठीला जखमा होतात. खुबा मोडलेल्या वयस्कर माणसांपैकी पाचातलं एक तरी वर्षभरात दगावतं, ते बहुतेक या गुंतागुंतींनी. ‘या वयात ऑपरेशन कशाला’ असं घरचे म्हणतात तेव्हा हे त्यांना सांगा.

काही जणी मोडलेल्या खुब्यावरही लंगडत चालतात. पडल्यानंतर जांघेत दुखत असेल तर चालता येतंय म्हणून एक्स-रे टाळू नका.

मणका दबला म्हणाले. किती दिवस झोपून राहायचं?

जितकं कमी तितकं चांगलं. पहिले काही दिवस दुखेल तेव्हा आडवं व्हा, पण दर थोड्या वेळाने उठून चार पावलं चाला. दुखणं साधारण सहा ते बारा आठवड्यांत उतरतं. पाठीवर पाय देणं, मणका बसवणं हे प्रकार चुकूनही करू देऊ नका. पायांत बळ राहिलं नाही, बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

आता सत्तरी उलटली. उपचारांचा काय उपयोग?

वार्षिक इंजेक्शनचा मोठा अभ्यास ६५ ते ८९ वयाच्या बायकांवरच झाला होता. २००७ मध्ये निष्कर्ष आले: तीन वर्षांत नवे मणके दबण्याचं प्रमाण ७० टक्क्यांनी, तर खुबा मोडण्याचं ४१ टक्क्यांनी कमी झालं. आणि उलट बाजूही आहे. उपचाराविना एक मणका दबला की पुढच्या वर्षभरातच पाचांतल्या एकीचा दुसरा दबतो. उशीर झाला म्हणून थांबण्यासारखं त्यात काही नाही.

सासूबाई दुखलं तरी सांगत नाहीत. कळायचं कसं?

विचारून कळणार नाही. "बरी आहे" हेच उत्तर मिळेल. बघून कळेल. वरच्या फळीवरचा डबा खाली आला का, नेहमीचं कापड अंगावर आखूड-लांब होतंय का, बसल्यावर हात मांडीवर रेटून उठतात का, जेवण निम्म्यावर आलं का. आमच्या दाराच्या चौकटीवर नातवंडांच्या उंचीच्या खुणा होत्या. त्यांच्यातच आम्ही आईची एक खूण केली, तारीख घालून. दर सहा महिन्यांनी सगळ्यांबरोबर तीही चप्पल काढून उभी राहते. मुलांना वाटतं खेळ चाललाय, आणि त्यामुळे तिलाही तपासणी वाटत नाही. गेल्या दोन वर्षांत तिची रेघ खाली आलेली नाही.